सहावं भोक

नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या की वारा ज्या बाजूला वळेल त्या बाजूचं गाव शिंकतं. अशाच दिवसांत एका शाळेच्या जुन्या सभागृहात एअर रायफलचा वर्ग सुरू झाला. १ ऑगस्ट २०२४ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं होतं. १९५२च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूनं मिळवलेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. रेल्वेतला टीसी हे करू शकतो म्हटल्यावर वर्गाला पोरं कमी पडणार नव्हतीच.

कमी पडत होत्या रायफली आणि छर्रे.

वर्गात एक मुलगी धडगावकडची. वसतिगृहात सगळे तिला ‘धडगावची’च म्हणत. तिचा आजा तीरकामठे करणारा. बांबूचा कामठा, दोरीही बांबूच्याच चिपेची. वर्ग घेणाऱ्या मॅडमनी पहिल्या दिवशी सगळ्यांना नेमाच्या कार्डाकडे बघायला सांगितलं, तेव्हा पोरांनी एकेक डोळा गच्च मिटला. हिचे दोन्ही उघडे. मॅडम खूश झाल्या. नेमबाज दुसरा डोळा मिटत नाहीत, त्याच्यापुढं पट्टी लावतात. मिटलेल्या डोळ्याचा ताण उघड्या डोळ्यावर येतो. आज्यानं तिला हे कधी समजावून सांगितलं नव्हतं. त्याला बघून तिनं उचललं होतं.

सुरुवातीला छर्रे हातात पडलेच नाहीत. रायफल टेबलावर ठेवायची, नळीचं तोंड कायम कार्डांकडे, आणि नळीत नारिंगी दोरी घातलेली. “मॅडम, रिकामी आहे,” असं एकजण म्हणाला, तर मॅडम म्हणाल्या, “तुझ्या तोंडाचं इथं कोणी ऐकत नाही. दोरी दिसली पाहिजे.” नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. मग रिकाम्या रायफलीनं ट्रिगर दाबायचा, पुन्हा दाबायचा, आणि नळीचं टोक हललं का ते बघायचं. शहाद्याचा एक मुलगा या प्रकाराला भलताच कंटाळला. हात त्याचा खरोखर चांगला होता, हेही सांगायला हवं.

पुढं छर्रे मिळाले आणि त्यांच्याबरोबर एकेक वही. मॅडमचा नियम असा: छर्रा सुटला की मान वर काढायची नाही, क्षणभर तसंच साइटमधून बघत राहायचं. मग वहीत छोटं वर्तुळ काढून छर्रा कुठं गेला असेल तिथं ठिपका द्यायचा. कार्ड मागवायचं ते त्यानंतर.

धडगावचीला हे अवघड गेलं. बाण जाताना दिसतो. तो चुकला की झाडालाही कळतं. साडेचार मिलिमीटरचा छर्रा दहा मीटरवर कधी पोचला ते कळतच नाही. सुटला त्या क्षणी काळा गोल साइटच्या कड्यात कुठं होता, एवढीच खूण. तिनं ती लक्षात ठेवायची सवय लावून घेतली. बाकीच्यांच्या वह्या कार्ड येईपर्यंत कोऱ्या असत आणि कार्ड आल्यावर एकदम अचूक होत.

जिल्हा स्पर्धेसाठी एकाला निवडायचं होतं. छर्ऱ्यांचा डबा तळाला गेलेला, त्यामुळं साइट जुळवण्यासाठी आधी मारायचे छर्रे कोणालाच मिळाले नाहीत. एकेक कार्ड, पाच छर्रे. शहाद्याचा दोन नंबरच्या लेनमध्ये, धडगावची तीनमध्ये. बाहेरून मिरचीचा भपका आला, दोनचार जण ठसकले, तरी फेरी पार पडली. चरखी फिरवून मॅडमनी कार्डं ओढून घेतली.

तीन नंबरच्या कार्डावर सहा भोकं होती. दोन नंबरच्यावर चार.

सहांपैकी पाच डावीकडे खाली, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतकी जवळ: तीन सात, दोन सहा. सहावं वर, थेट मधोमध. या कार्डावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, छर्ऱ्यापेक्षा कितीतरी लहान. तो पुरता उडाला होता.

“माझा तो!” शहाद्याचा ओरडला.

“तुझा असेल तर शून्य,” मॅडम म्हणाल्या. “दुसऱ्याच्या कार्डावर मारलास.”

“पण मॅडम, दहा आहे ना!”

“दहा आहेच. कार्ड तिचं आहे.” मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, “कोणता छर्रा कोणाचा हे ठरवता आलं नाही, तर नियम तुझ्या बाजूचा आहे. जास्त गुणांचा तुझा धरायचा. सदतीस होतात.”

शहाद्याच्याचे चौतीस होते.

तिनं वही उघडली. तिथले पाचही ठिपके मधल्या भागात होते, आणि त्यातला एक तर बरोबर मध्यावर. शेजारच्या मुलीनं कोपरानं ढोसलं: बघ, वहीतही आहे दहा! धडगावचीनं वही कार्डाशेजारी ठेवली. वहीत तीन ठिपके एकमेकांना चिकटलेले, एक किंचित वर उजवीकडे, एक खाली. कार्डावर डावीकडे खाली हुबेहूब तीच मांडणी, पाचच्या पाच.

“माझे सगळे इथंच आहेत, मॅडम,” ती म्हणाली. “वरचा माझा नाही.”

“मग तेहतीस.”

“हो.”

शहाद्याचा एका गुणानं पुढं गेला आणि जिल्ह्याला त्याचंच नाव गेलं. बोधकथेत असं व्हायला नको, पण झालं.

मॅडम मात्र ते कार्ड बराच वेळ हातात धरून होत्या. रायफली सामायिक, आधीच्या कोणीतरी आपल्या डोळ्याप्रमाणं मागच्या साइटचे स्क्रू फिरवून ठेवले होते. मध्यावरचा दहा तिच्या नावावर चढला असता, तर साइट ठीक आहे, पोरीचाच हात खाली जातो, असं सगळ्यांनी मानलं असतं. मग पुढचे कित्येक आठवडे ती चांगला हात बिघडवत बसली असती. मॅडमनी स्क्रू वरच्या आणि उजव्या बाजूला काही क्लिक फिरवले. डब्यातले उरलेले छर्रे तिच्यापुढं ठेवले. पुढच्या कार्डावर शेहेचाळीस आले. ते कुठल्याच यादीत धरले गेले नाहीत.

शहाद्याचा हे सगळं बघत उभा होता. दुसऱ्या दिवशी त्यानं पहिल्यांदाच छर्रा सोडून मान खाली ठेवली, वही पुढं ओढली, पेन्सिल वर्तुळाभोवती फिरवली. मग कार्ड न मागवताच हात वर केला.

“काय झालं?”

“मॅडम, हा बहुतेक चार नंबरच्या लेनवर गेला.”

चार नंबरच्या मुलानं घाईघाईनं आपलं कार्ड ओढून घेतलं आणि भोकं मोजायला लागला.