प्रारब्धाच्या खात्यावर विंचू
किकवीहून भोरला जावं आणि वरंधा घाट उतरावा, की महाड येतं. घाटाच्या वर काय नि खाली काय, गोवऱ्यांच्या ढिगात हात घालताना लाल विंचवानं नांगी मारली आणि पोर दगावलं, की ‘तेवढंच आयुष्य घेऊन आलं होतं’ असं म्हणत घरानं दुःख गिळलं. त्या आईला दुसरा आधार नव्हता, म्हणून मी ते बोल हलके मानत नाही. पण ते खरे होते का? हे पाहायला आधी शरीरात डोकवावं लागेल. आपल्या आठव्या गुणसूत्रावर एडीआरए१ए नावाचं जनुक आहे. मज्जातंतूंतून येणारं नॉरअॅड्रेनालिन ज्या कुलपांत बसतं, त्यांतलं एक हे जनुक घडवतं. अंथरुणातून उठताना घेरी येत नाही, कारण या कुलपांमुळे रक्तवाहिन्या वेळेवर आवळतात. विंचवाचं विष मज्जातंतूंना इतकं चेतवतं, की नॉरअॅड्रेनालिनचा लोंढा सुटतो. हातपाय गार पडतात, अंग घामानं निथळतं, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. माणसाला उभं ठेवणारी यंत्रणाच त्याच्या जिवावर उठते.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वापरून हीच कुलपं अडवली आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याविषयी लिहिलं. गंभीर रुग्णांतले २५ ते ३० टक्के मृत्यू एका टक्क्याच्या आसपास आले. मग आधी गेलेल्यांचं प्रारब्ध निराळं होतं का? कोणी म्हणेल, गोळी मिळणं हेही प्रारब्धच. पण जगला तरी प्रारब्ध आणि मेला तरी प्रारब्ध, तर त्या शब्दानं उलगडलं काय? उलट, दवाखान्यात गोळी का नव्हती, हा प्रश्न त्याखाली दबतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: न मागता जन्मासोबत आलेलं जनुक हेच नवं प्रारब्ध नाही का? नाही, ते वाचलेल्या पोरातही होतं आणि गेलेल्यातही. फरक पडला तो विष किती भिनलं आणि उपचार किती लवकर मिळाले यानं. मंत्रानं विंचू उतरतो म्हणणाऱ्यांचा अनुभवही खोटा नाही, कारण पुष्कळ दंशांत नुसती कळ येते आणि ती आपोआप ओसरते. गार पडलेल्या पोराचे मोलाचे तास मात्र तिथंच जातात.

आपल्या शास्त्रात प्रारब्धाच्या शेजारी क्रियमाण आहे, म्हणजे आत्ता हातून घडणारं कर्म. विंचूदंशाचे मृत्यू आपण चुकीच्या खात्यावर मांडले. गोळी दिल्यावर पोराला आडवंच ठेवावं लागतं, उठलं तर चक्कर येते. कुलूप अडवलं, तसं त्याचं रोजचं कामही थांबलेलं असतं. म्हणून कोणीतरी उशाशी बसून पोराला उठू देत नाही.