लेखणीची मजुरी

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात एक वाक्य आहे, ज्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पत्र संत पौलाचे. परंतु त्याच्या मुखातील शब्द हाताने उतरवून घेणारा तर्तियुस नावाचा लेखनिक तेथे क्षणभर पुढे येतो, आपले नाव सांगतो आणि प्रभूच्या ठायी वाचकांना नमस्कार करतो. ते वाक्य पत्रात तसेच राहिले. लेखनिकाचे नाव आल्याने प्रेषिताचा अधिकार तसूभरही उणावला नाही.

असे लेखनिक आज आमच्या वसईच्या गावागावांत आहेत. पदवी घेतलेली मुले-मुली, लहान लेकरे सांभाळणाऱ्या माता घरबसल्या संकेतस्थळांसाठी मजकूर लिहून देतात. संकेतस्थळ कोणा दंतवैद्याचे, कोणा बिल्डरचे, कोणा सहल कंपनीचे. मोबदला शब्दांच्या हिशेबाने आणि नाव गिऱ्हाइकाचे. अशाच एका मुलीने मध्यंतरी आम्हांस विचारले, "फादर, मी डॉक्टरांच्या नावाने आरोग्याचा सल्ला लिहिते. डॉक्टर तो वाचतही नाहीत. हे पाप आहे का?"

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. दुसऱ्यासाठी लेखणी चालविण्यात मुळात काही गैर नाही. मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसजवळ बसणाऱ्या पत्रलेखकांनी कित्येक वर्षे निरक्षर कामगारांची पत्रे लिहून दिली. अक्षर लेखकाचे असले तरी त्यातले सुखदुःख कामगाराचेच होते. गावी पत्र ऐकणाऱ्या आईची त्यात फसवणूक नव्हती. डॉक्टरांचे तसे नाही. रुग्ण तो मजकूर वाचतो तो डॉक्टरांच्या ज्ञानावर भरवसा ठेवून, आणि ते ज्ञान तर त्या ओळींत उतरलेलेच नसते. डॉक्टरांनी मजकूर तपासून आपला म्हटला, तर तो त्यांचा झाला. न वाचताच नाव दिले, तर ती खोटी साक्ष होय. याहून उघड प्रकार म्हणजे कधी न आलेल्या ग्राहकाची स्तुती पैसे देऊन लिहून घेणे. आमच्या मते यात मोठा दोष मागणाऱ्याचा. लिहिणाऱ्याचा कमी, पण शून्य नव्हे. त्या मुलीस आम्ही एवढेच सांगितले, की मजकूर पाठविताना 'तपासून मगच प्रसिद्ध करावा' असे लेखी कळवीत जा आणि खोटी स्तुती लिहू नकोस, मग काम गेले तरी चालेल. सांगणे सोपे असते. तिच्या घरी त्या पैशांवर काय काय चालते हे आम्हांस ठाऊक आहे.

म्हणूनच मजुरीचा विचार टाळता येत नाही. "तिने दर मान्य केला होता," असे काम देणारे म्हणतात. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात नेमका हाच युक्तिवाद तपासला. गरजेपोटी वा याहून वाईट होईल या भीतीने कामगार अपुरे वेतन पत्करतो, तेव्हा तो बळजबरीचा व अन्यायाचा बळी असतो, असे त्यांनी बजावले. कारखान्यातील मजुराच्या संदर्भातील हा विचार घरच्या टेबलाशी बसलेल्या लेखिकेस कमी लागू पडत नाही. जुन्या करारातील नियमशास्त्र तर मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवून घेण्यास मनाई करते. येथे 'बिल पाठवा, पाहतो' यातच महिने जातात. आणखी एक गोष्ट आपल्या तरुणांनी जाणून घ्यावी : नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो लेखकच, असे १९५७ चा कॉपीराइट कायदा मानतो.

हे सारे व्यापाऱ्यांना ऐकविणे सोयीचे आहे. अडचण येते ती चर्चच्या दाराशी. धर्मग्रामाचे संकेतस्थळ करावे असा विषय आमच्या पॅरिश कौन्सिलमध्ये निघाला, तेव्हा पहिली सूचना आली ती अशी : "कोणाकडून तरी लिहून घेऊ. चर्चचे काम आहे, पैसे कशाला?" मंडपवाल्याला, बॅण्डवाल्याला सणाच्या कितीतरी आधी विसार देणारे आपण, लेखन मात्र सेवा समजतो. सेवा देणाऱ्याने आपखुशीने द्यायची असते. मागणाऱ्याने ती गृहीत धरली, की तिची वेठबिगार होते. आम्ही असे सुचविले, की चर्चचा इतिहास, संघटनांची माहिती वगैरे मजकूर योग्य मोबदला देऊन आणि लिहिणाऱ्याचे नाव घालून लिहून घ्यावा. प्रमुख धर्मगुरूंचा संदेश मात्र धर्मगुरूंनीच लिहावा, मग तो ओबडधोबड का असेना. (आमची वाक्ये लांबतात, ही कौन्सिलच्या चिटणीसांची जुनी तक्रार आहे.)

यावर एका तरुण सभासदाने विचारले, "फादर, यंत्र हे सारे क्षणात फुकट लिहून देते, मग माणूस तरी कशाला?" मे २०२५ मध्ये पोप चौदावे लिओ यांनी आपण हे नाव का घेतले ते कार्डिनलांना सांगताना तेराव्या लिओंच्या त्याच परिपत्रकाची आठवण केली, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवी प्रतिष्ठा, न्याय व श्रम यांपुढे उभ्या राहिलेल्या आव्हानांचा उल्लेख केला. आम्ही त्या तरुणास इतकेच म्हटले, की आपल्या चर्चच्या जुन्या घंटेची हकिकत गावातल्या दोन-तीन वृद्धांनाच ठाऊक आहे. त्यांच्या ओटीवर जाऊन बसायला कोणीतरी लागेल. ते त्याला पटले. त्या माणसाला किती रक्कम द्यायची, हा विषय मात्र पुढच्या बैठकीवर गेला आहे.