शेऱ्याचा रकाना

निवृत्तीनंतर घर आवरताना निवडचाचणीच्या जुन्या वह्या सापडल्या. लाल रेक्झिनच्या, तीन. केळापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी अठ्ठावीस वर्षं खेळ शिकवला. दर ऑगस्टला कबड्डीचा संघ निवडायचा आणि वहीत रकाने भरायचे: नाव, वर्ग, जात, वजन, शेवटी शेरा. बायको रद्दी बांधत होती. मी सहज वाचायला बसलो नि दुपार तिथंच गेली.

वसतिगृहातून येणाऱ्या कोलाम आणि गोंड मुलांपुढे शेरे असे: ‘काटक, पायात जोर.’ ‘दम चांगला, चढाईला ठेवावे.’ ‘हरणासारखा पळतो.’ आणि बाजारपेठेतल्या, मास्तर-तलाठ्यांच्या मुलांपुढे: ‘समज चांगली.’ ‘डाव ओळखतो.’ ‘बोलका, कर्णधार होऊ शकेल.’ अक्षर माझंच. आकसानं लिहिलेलं नाही. उलट त्या कोलाम पोरांवर माझा जीव होता. हरीण म्हटलं ते कौतुकानंच. पण हरणाला कुणी डाव विचारत नाही.

१९९८च्या पानावर एका नावापुढे ‘कर्णधार’ लिहून खोडलेलं आहे. झरी-जामणीकडच्या पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा पोरगा, उजव्या कोपऱ्यावर उभा राहायचा. यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर जिल्ह्याचा सामना होता. समोरच्या संघाचा चढाई करणारा गडी बोनस रेषेकडे पाय टाकायच्या आधी डावा खांदा किंचित खाली घ्यायचा. हे आमच्यात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. या पोरानं तिसऱ्या चढाईला ते हेरलं. खांदा खाली गेला की हा अर्धं पाऊल मागं सरकायचा, जागा मोकळी दाखवायचा, आणि पाय आत आला की घोटा धरायचा. पाचदा धरला. सामना आम्ही जिंकलो. त्या संध्याकाळी मी वहीत लिहिलं: ‘पंजात ताकद.’

कर्णधार खोडलं, कारण कर्णधाराला पंचांशी बोलावं लागतं आणि हा बोलत नसे. वसतिगृहात पोडावरच्या पोरांशी तो तासन्‌तास कोलामीत बोलायचा. वर्गात मराठी चुकली की पोरं हसायची, म्हणून तिथं गप्प. त्याचा आजा पोडाचा नाईक होता. भांडणं मिटवायची, चार घरांना एका विचारावर आणायचं, हे त्या घरात रोजचं. मी खोडलेल्या शब्दाशेजारी ‘लाजाळू’ लिहून मोकळा झालो.

मी गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला बसणारा माणूस. आमच्या गीतेच्या वर्गात वर्णाचा विषय निघाला की ठरलेलं उत्तर येतं: जन्मानं नव्हे, गुण आणि कर्मानं. मीही ते दहा वेळा सांगितलं असेल. वह्या वाचल्यावर त्या उत्तरातलं भोक दिसलं. गुण बघणार कोण? तो काही कपाळावर लिहून येत नाही. मैदानाच्या कडेला उभा असलेला माणूस तो वहीत लिहितो, आणि त्या वहीत शेऱ्याच्या आधी जातीचा रकाना भरलेला असतो. माझी नजर त्याच रकान्यावरून घसरत शेऱ्यापर्यंत जायची. मग गुणानं ठरवलं म्हणताना मी जन्मच दुसऱ्यांदा लिहीत होतो की काय? आमच्या वर्गात हा प्रश्न मी मांडला, तेव्हा एक ज्येष्ठ म्हणाले, “सर, एवढं खोलात जाऊ नये.” गीतेच्या वर्गात खोलात जायचं नाही तर कुठं जायचं!

एकलव्याची गोष्ट सांगताना आपण द्रोणाचार्यांना आंधळे ठरवतो. मला तसं वाटत नाही. सात बाणांनी कुत्र्याचं तोंड बंद झालेलं त्यांनी पाहिलं आणि त्या हाताची नेमकी किंमत केली; म्हणून तर नेमका अंगठा मागितला. पारख अचूक होती. अन्याय त्या पारखीनंच झाला. माझं प्रकरण निराळं. मी अंगठा मागितला नाही; पोराच्या डोक्यानं केलेलं काम हाताच्या नावावर लिहिलं. त्यामुळं मागायची वेळच आली नाही.

क्रिकेटमध्ये बाळू पालवणकरांचंही असंच: हात घेतला, डोकं नाही. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात जिमखान्यावर गोऱ्या साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकायचा. बॅट त्याच्या हाती कुणी देत नसे. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते १९२३ साली धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

दिवाळीत अमेरिकेतून भाचा आला होता. वही चाळून म्हणाला, “मामा, हे तर आमच्याकडच्या ड्राफ्टसारखं आहे.” तिथले व्यावसायिक फुटबॉल संघ कॉलेजातली पोरं पाळीपाळीनं उचलतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. आधी वर्षभर पारखी हिंडतात, उंची मोजतात, पळवतात, शेरे लिहितात. काळा पोरगा असला की बहुधा वेग नि ताकद; गोरा असला की समज नि नेतृत्व. डाव चालवणारा गडी म्हणजे क्वार्टरबॅक, आणि ती जागा अनेक वर्षं गोऱ्यांचीच समजली जाई. वॉरन मून हा काळा क्वार्टरबॅक १९७८ साली कॉलेजची मोठी लढत गाजवून आला, तरी ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही. कॅनडात जाऊन त्यानं सलग पाच अजिंक्यपदं जिंकली, मग अमेरिकेला त्याची आठवण झाली. पुढचं ऐकून मी गारच पडलो. डोक्याला मार लागलेल्या निवृत्त खेळाडूंना भरपाई देताना काळ्यांची बुद्धी मुळातच कमी धरून हिशेब व्हायचा. ते थांबवायचं २०२१ साली ठरलं. म्हणजे शेरा कॉलेजात लिहिला आणि म्हातारपणी वसूल केला.

आपल्याकडे मे २०१८ मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली पाच मुलं ‘मिशन शौर्य’मधून एव्हरेस्टवर पोचली. तेव्हा आमच्या चहाच्या टपरीवर सगळे म्हणाले, “आदिवासी पोरं, निसर्गतःच काटक!” त्यांनी दार्जिलिंगला, लडाखला घेतलेलं प्रशिक्षण, थंडीत केलेला सराव कुणी काढला नाही. निसर्गाला श्रेय दिलं की माणसाला द्यावं लागत नाही. माझा तो कोपरारक्षक तरी काटक कशानं झाला? पोडापर्यंत एसटी जात नव्हती, म्हणून. सुटीला घरी जायचं तर तो शेवटचे सात किलोमीटर चालायचा. यात जमातीचा गुण कुठला?

मार्चमध्ये मी त्या पोडावर जाऊन आलो. तो आता चाळिशी ओलांडलेला. शेतात उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग लावत होता. बांधावर बसलो, पाणी प्यालो, वही दाखवली. खोडलेल्या शब्दावर त्यानं बराच वेळ बोट ठेवलं. मी म्हटलं, “तू बोलत नव्हतास रे, बाबू.”

“बोलत होतो नं, सर. पाचही खेपा तो खांदा पाडते म्हून मीच सांगतलं पोरायले. तुमाले कोलामी समजत नव्हती.”

यंदाच्या चाचण्या ऑगस्टमध्ये होतील. निवड समितीवर असाल तर एवढं करा: वहीतला जातीचा रकाना त्या दिवशी कागदानं झाकून ठेवा, आणि शेरा लिहायच्या आधी पोराला एक पकड त्याच्या भाषेत समजावून सांगायला लावा. समजत नसेल तर त्याच्याच सोबत्याला दुभाषा म्हणून शेजारी बसवा.