शेवटची मोटार

मालकी म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न थोरामोठ्या तत्त्वज्ञांना पडला. मला तो बँकेच्या लॉकरची नोंदवही पुढे ओढून बसलो की पडतो. वर्षातून एकदा येऊन दागिने नुसते बघून जाणारी मंडळी असतात. पण याचा अस्सल दाखला घडला तो अमेरिकेत.

तिथे उघड्या टपाच्या मोटारींचं, म्हणजे कन्व्हर्टिबलचं, मोठं कौतुक. बटण दाबलं की टप घडी होऊन मागे जातो आणि वर आभाळ. पुढे मोटारीत एअर-कंडिशनर आला, खप घटला, त्यात सरकार सुरक्षिततेचे नवे नियम करणार अशी धास्ती. एकेका कंपनीने हे मॉडेल बंद केलं. १९७६ साली उरली एकटी कॅडिलॅकची एल्डोराडो. इंजिन ८.२ लिटरचं! दीडशे सीसीच्या चोपन्न-पंचावन्न स्कूटरी एका दाव्याला बांधल्यासारख्या. किंमत अकरा हजार डॉलरच्या घरात. ही शेवटची, असा गाजावाजा झाला. त्या वर्षी निघाल्या १४,०००. त्यांतल्या अखेरच्या २०० पांढऱ्याशुभ्र.

लोकांच्या उड्या पडल्या. पण कित्येकांनी ती फिरवायला घेतलीच नाही, ठेवायला घेतली. आभाळ बघण्यासाठी जन्मलेली गाडी थेट पत्र्याखाली, वर कापडी खोळ! फडताळातल्या पैठणीची बहीणच.

आणि १९८४च्या मॉडेलात कॅडिलॅकने कन्व्हर्टिबल एल्डोराडो पुन्हा काढली. झालं! 'आम्हांला फसवलं' म्हणून जुने मालक कोर्टात गेले.

आता सांगा, त्यांचं गेलं काय? स्क्रू हलला नाही, गादीला ओरखडा नाही. गेलं ते एवढंच, की इतरांकडेही नवी आली. 'शेजाऱ्याकडे नसणे' ही मालमत्ता ताळेबंदात कुठल्या खात्याला टाकायची? बी. कॉम.ला आम्हांला गुडविलपर्यंतच शिकवलं होतं.

तरी मालकांना नुसतं हसून भागत नाही. 'शेवटची' हा शब्द कंपनीनेच मिरवला होता, आणि माणसं गाडीइतकेच त्या शब्दाचे पैसे मोजत होती. मी मुदतठेवीच्या पावतीवर एक व्याज लिहून दुसरं दिलं, तर साहेब मला कौतुकाने पेढा देतील काय? पण लगेच दुसरं मन म्हणतं, 'माझ्यानंतर कुणाला मिळू नये' हाच ज्याचा आनंद, त्याचा आनंद राखायला जगाने किती वर्षं टप लावून हिंडायचं? या दोन मनांचा मेळ माझ्याच्याने बसत नाही; रोजकीर्द बरी, संध्याकाळी तरी बसते.

ज्यांनी गाडी घेतली, टप पाडला, पोरं मागच्या सीटवर कोंबली आणि वारा पिऊन आले, त्यांना १९८४ साली काय फरक पडला असेल?

हा नाद असा की उभ्या गाडीचं रबर सुकतं, बॅटरी मरते, टाकीतलं पेट्रोल नासतं; तरी न फिरलेल्या गाडीलाच भाव जास्त. गिऱ्हाईक येतं, खोळ उचलून आत डोकावतं आणि पहिला प्रश्न विचारतं, "मैल किती झालेत?" आकडा जितका छोटा, तितका त्याचा चेहरा खुलतो.