दोन दिरहम आणि एक कुऱ्हाड

एक अनसारी गृहस्थ आदरणीय पैगंबर (स.) यांच्याकडे याचना करण्यासाठी आले. घरात काही आहे काय, असे आपण (स.) विचारले. अर्धे पांघरायचे व अर्धे अंथरायचे असे एक जाडेभरडे वस्त्र आणि पाणी पिण्याचे एक भांडे, एवढीच त्यांची मालमत्ता होती. ती मागवून आपण (स.) तिचा लिलाव केला. एकाने एक दिरहम देऊ केला, दुसऱ्याने दोन. एका दिरहमचे अन्न घरी पोहोचवण्यास व दुसऱ्याची कुऱ्हाड आणण्यास सांगितले, तिला स्वहस्ते दांडा बसवला, आणि लाकडे तोडून विकण्यास व पंधरा दिवस दृष्टीस न पडण्यास फर्मावले. ते परतले तेव्हा त्यांच्याजवळ दहा दिरहम होते. हजरत अनस (रजि.) यांची ही रिवायत सुनन अबू दाऊदमध्ये आहे.

ही हदीस आपण बहुधा भीक मागणाऱ्याला ऐकवतो. खरे पाहता तिच्यात देणाऱ्यासाठी अधिक शिकवण आहे. कुऱ्हाडीआधी घरचे अन्न आले, हा क्रम आपण सहसा विसरतो.

अमेरिकेत महामंदीच्या काळात, १९३३ साली, बेकार तरुणांना जंगलकामावर नेणारी एक सरकारी योजना सुरू झाली. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुण तिच्यात राबले. त्यांनी अब्जावधी झाडे लावली, वणवे विझवले, वाटा बांधल्या. मासिक वेतन ३० डॉलर होते आणि त्यांपैकी साधारण २५ डॉलर परस्पर कुटुंबाकडे जात. पहिल्या दिरहमची सोय तेथे अशी झाली होती. आपल्याकडे मात्र मुलाचे नाव प्रशिक्षणाला नोंदवले की कर्तव्य संपले असे मानले जाते. तेवढे महिने त्याच्या घरची चूल कशी पेटणार, हे कोणी विचारत नाही.

दांडा बसवून देण्याचा अर्थही आज व्यापक झाला आहे. जंगलात नुसती कुऱ्हाड देऊन धाडलेला माणूस रान उजाड करील. ब्रिटनमधील जुन्या पद्धतीत हेझलची झाडे हिवाळ्यात जमिनीलगत तोडतात. उसाला खोडवा यावा तसे बुंध्यातून फुटवे येतात आणि सात ते दहा वर्षांनी तोच तुकडा पुन्हा तोडणीस येतो. तोड केव्हा घ्यावी, कोठे थांबावे, हे हाताला शिकवावे लागते. निर्मात्याची अमानत सांभाळून हलाल रोजी मिळवण्याची ही विद्या आहे.

मग यासाठी जकात खर्चता येईल काय? आपल्या कोकणातील शाफई बांधवांना इमाम नववी (रह.) यांचे मत ठाऊक असावे: कारागिराला त्याच्या धंद्याची अवजारे घेता येतील इतके द्यावे, मग त्यांची किंमत थोडी असो वा फार. हनफी मसलकात अडचण निराळी आहे. तेथे जकात गरजूच्या मालकीची व्हावी लागते. संस्थेला परस्पर भरलेल्या फीने ती अट पुरी होत नाही. यावर सांगितला जाणारा मार्ग सोपा आहे. रक्कम आधी त्या तरुणाच्या हाती सोपवावी आणि फी त्याने स्वतः भरावी. यात एक फेरी वाढते खरी, पण प्रशिक्षण केंद्राच्या दारात तो स्वतःच्या पैशाने उभा असतो.