ऋणाचा हिशेब आणि ऋणको

गृहकर्जाचा हिशेब ठेवण्याचे काम आता वहीकडून सॉफ्टवेअरकडे गेले आहे. रक्कम, दर आणि मुदत एकदा सांगितली, की वीस वर्षांतील कोणत्याही महिन्याची बाकी ते पैशापर्यंत काढून देते. या सोयीविषयी आमची तक्रार नाही. नोकरी दूरच्या प्रांतात, दर काही वर्षांनी बदली आणि घर मात्र पुण्याला वा नागपूरला, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांना रोजकीर्द व खतावणी सांभाळत बसा असे सांगणे हा कोरडा उपदेश होईल. आमचा प्रश्न निराळा आहे. आपल्या ऋणाचा हिशेब दुसऱ्याकडे सोपवला, म्हणजे त्याची जबाबदारीही सोपवली जाते काय?

प्रथम अचूकपणाचाच विचार करू. कर्ज 30 लाखांचे, दर 7 टक्के, मुदत 20 वर्षे. हप्ता येतो सुमारे 23,259 रुपयांचा. पहिल्या महिन्याचे व्याज 17,500 रुपये. उरलेल्या 5,759 रुपयांनी मुद्दल फिटते. गणित चोख आहे. पण रिझर्व्ह बँकेने मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या अवधीत रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहावर नेला. रेपोशी बांधलेला 7 टक्क्यांचा दर अशा वेळी साडेनऊ होतो, आणि 30 लाखांवर महिन्याचे व्याजच 23,750 रुपये भरते. हप्ता तोच राहिला, तर मुद्दल फिटण्याऐवजी वाढू लागते. जुना दर धरून बसलेले सॉफ्टवेअर मात्र दरमहा बाकी घटल्याची सुवार्ता देत राहते. त्याची बेरीज चुकलेली नसते. त्याला दिलेले गृहीत खोटे झालेले असते.

आमच्या वाचकांपैकी अनेकांना परिचित असलेले दुसरे उदाहरण केंद्र सरकारच्या घरबांधणी अग्रिमाचे. 2017 च्या नियमांप्रमाणे त्यावर साधे व्याज लागते. आधी मुद्दल जास्तीत जास्त 180 हप्त्यांत वसूल होते आणि मग व्याज जास्तीत जास्त 60 हप्त्यांत. बँकेच्या कर्जाचा साचा या अग्रिमाला लावला, तर येणारा आकडा सुबक असेल, पण तो आपल्या कर्जाचा नसेल.

यावर कोणी म्हणेल, आपण घड्याळावर विसंबतो, वैद्यावर विसंबतो. मग येथेच एवढा संशय का? आक्षेप रास्त आहे. विसंबणे हा दोष नव्हे. त्यावाचून संसार चालणार नाही. परंतु वैद्याला प्रकृतीतील बदल आपणच सांगावा लागतो, आणि घड्याळही अधूनमधून लावून घ्यावे लागते. श्रम दुसऱ्याला देता येतात. जागरूकता देता येत नाही. कर्जखतावर सही आपली असते.

शिवाय काही निर्णय गणिताचे नसतातच. दर बदलला की हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही थोडे थोडे करावे, याची निवड कर्जदाराला द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये कर्ज देणाऱ्या संस्थांना बजावले. सॉफ्टवेअर तिन्ही पर्यायांचे आकडे मांडील. पण मुदत वाढवून आजची ओढाताण टाळली, तर उरलेले हप्ते साठीनंतरच्या निवृत्तिवेतनातून जातील, कदाचित पत्नीच्या वा मुलांच्या माथी येतील. आजच्या सुखासाठी उद्याच्या कोणावर किती भार टाकावा, हा नीतीचा प्रश्न आहे. आणि न पाहता, न ठरवता मुदत वाढू देणे हेही त्याचे एक उत्तरच ठरते.

आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण व पितृऋण मानले. त्यांचा आकडा कोणी मांडला नाही; तरी ती मनात वागवावीत अशी अपेक्षा होती. गृहकर्जाला आकडा आहे, म्हणून ते मनात वागवण्याची गरज संपत नाही. त्याच सूचनांनुसार दर तिमाहीस फेडलेले मुद्दल, व्याज, उरलेले हप्ते आणि दर यांचे विवरण कर्जदाराला उपलब्ध व्हावयाचे असते. ते सॉफ्टवेअरच्या आकड्यांशी ताडून पाहावे, फरक दिसल्यास कारण विचारावे, आणि हे काम घरातील दुसऱ्या जाणत्या माणसाला जवळ बसवून करावे. वर्षातून चार संध्याकाळी त्यासाठी पुरेत.