पत्ता कळला म्हणून हक्क मिळत नाही

वेब प्रोग्रॅमिंग शिकताना एका टप्प्यावर आपली स्क्रिप्ट पहिल्यांदा बाहेरच्या माणसाचे ऐकू लागते. हा टप्पा म्हणजे यूआरएलमधले, म्हणजे पानाच्या वेबपत्त्यातले, पॅरामीटर वाचणे. पत्त्यात प्रश्नचिन्ह येते आणि त्यापुढे नाव-मूल्यांच्या जोड्या येतात: ?गाव=आगाशी&माल=सुकेळी. स्क्रिप्ट त्या वाचते आणि आगाशीच्या सुकेळीची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, माहिती दाखवते. सुकेळीच्या जागी राजेळी लिहिले, तर तेच पान राजेळी जातीच्या केळ्यांची माहिती देते. पीएचपी असो वा जावास्क्रिप्ट, हे काम दोन-तीन ओळींत होते. बहुतेक शिकवण्या इथेच थांबतात. माझ्या मते खरा धडा इथून पुढे आहे. पॅरामीटर काय मागितले आहे ते सांगतो. मागणाऱ्याला ते मिळण्याचा हक्क आहे की नाही, याबद्दल तो काहीही सांगत नाही.

हा भेद आगाशीतल्या वाडीवाल्याला नवा नाही. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर पालघर जिल्हा, वसई तालुका, आपले गाव आणि सर्व्हे क्रमांक दिला की सातबारा पाहता येतो. ती सार्वजनिक नोंद आहे, म्हणून कोणालाही पाहता येतो. पण क्रमांक ठाऊक असल्याने जमिनीवर नाव चढत नाही. फेरफाराला दस्त लागतो, तलाठी नोंद धरतो, हरकतींसाठी नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी तपासून ती नोंद प्रमाणित करतो. पाहणे आणि बदलणे यांच्यामध्ये महसूल खात्याने एवढ्या पायऱ्या ठेवल्या, त्यामागे जमिनीच्या तंट्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

दहावी-बारावीचा निकाल ऑनलाइन पाहतानाही हेच दिसते. तिथे बैठक क्रमांकासोबत आईचे नाव द्यावे लागते. बैठक क्रमांक ओळीने असतात, त्यामुळे शेजारच्या बाकावरचा क्रमांक ओळखायला कष्ट पडत नाहीत. केवळ क्रमांकावर निकाल दिसला असता, तर एकेक आकडा वाढवत सगळ्या वर्गाचे गुण वाचता आले असते. आईचे नाव हे काही मोठे गुपित नव्हे, त्यामुळे ही राखण कच्चीच. पण क्रमांक पुरेसा नाही, ही जाणीव त्यामागे आहे.

ही जाणीव नसली तर काय होते, ते अमेरिकेत २०१९ साली दिसले. फर्स्ट अमेरिकन ही मालमत्ता-व्यवहारांशी संबंधित मोठी कंपनी. तिच्या संकेतस्थळावरच्या एखाद्या कागदपत्राच्या पत्त्यातला आकडा बदलला की दुसऱ्याच कोणाचे तरी कागद उघडत होते, आणि पासवर्ड कोणी विचारत नव्हते. सुमारे ८८.५ कोटी नोंदी अशा उघड्या होत्या. त्यांत बँक खात्यांचे तपशील आणि गहाणखतेही होती. यासाठी कुलूप फोडण्याची गरजच नव्हती. प्रोग्रॅम पत्ता अचूक वाचत होता. हा माणूस कोण, हे तो विचारत नव्हता.

प्रोग्रॅमिंगच्या भाषाही हे ठेचा खाऊनच शिकल्या. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये पीएचपी लोकांसमोर आणली. तिच्या सुरुवातीच्या काळात पत्त्यात जे नाव येई, त्याच नावाचा व्हेरिएबल प्रोग्रॅममध्ये आपोआप तयार होई. शिकणाऱ्याला ते फार सोयीचे होते. पण त्यामुळे प्रोग्रॅमरने मनातही न आणलेले व्हेरिएबल परक्या माणसाला बाहेरून भरता येऊ लागले. २००२ मध्ये ही सोय मुळात बंद ठेवलेली मिळू लागली आणि २०१२ मध्ये ती काढूनच टाकली गेली. आता हवे ते मूल्य प्रोग्रॅमरला नाव घेऊन मागावे लागते. सोय कमी झाली, पण कोणते मूल्य बाहेरून आले आहे ते लिहिणाऱ्याला स्पष्ट दिसू लागले.

मराठीत शिकणाऱ्याला आणखी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. ‘आगाशी’ हे नाव युनिकोडच्या हिशेबाने पाच चिन्हांचे आहे. यूटीएफ-८ मध्ये त्याचे १५ बाइट होतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अक्षर-अंकांनी लिहिला जातो, म्हणजे एकूण ४५ चिन्हे. ही लांबलचक ओळ पाहून काही बिघडले असे वाटते, पण बिघडलेले काही नसते. वाचताना ब्राउझर किंवा स्क्रिप्ट ती पुन्हा देवनागरीत आणते. दुसरी गोष्ट अंकांची. पत्त्यातून आलेले प्रत्येक मूल्य आधी निव्वळ मजकूर असते. त्यात कोणी ‘१२’ असे देवनागरीत लिहिले, तर जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानत नाही आणि पीएचपीत त्याचे पूर्णांकात रूपांतर केले तर शून्य येते. मराठी माणसाने मराठीत आकडा लिहिला, ही काही त्याची चूक नव्हे. त्याचा अंक ओळखून घेणे हे प्रोग्रॅमरचे काम आहे.

म्हणून पहिल्याच धड्यात चार प्रश्न शिकवावेत. मूल्य आले आहे का? अपेक्षित रूपात आहे का? ते पानावर उमटवण्याआधी किंवा डेटाबेसकडे पाठवण्याआधी निर्धोक केले आहे का? आणि मागणाऱ्याला हे मिळण्याचा हक्क आहे का? पहिल्या तीन प्रश्नांसाठी तयार साधने मिळतात. चौथ्यासाठी आपण कोणाची माहिती सांभाळतो आहोत, याचा विचार करावा लागतो.

आज सुकेळीचे पान करणारी मुलगी उद्या एखाद्या पतपेढीच्या खात्यांचे पान करील. तेव्हा पत्त्यात खाते क्रमांक असेल आणि त्या क्रमांकामागे कोणाची तरी आयुष्यभराची बचत असेल. त्या दिवशी हा विचार नव्याने सुचेल, या भरवशावर राहता येणार नाही. पहिली स्क्रिप्ट लिहितानाच तो तिच्या हाताच्या सवयीत उतरला पाहिजे.